संगाई आणि उद्धवरावांची चप्पल

आदिलाबादच्या एसटीडी बूथवर अनंतराव रांगेत उभे होते. पुढं उद्धवराव, दूरच्या प्राणिसंग्रहालयात हरणं राखणारे, लग्नापुरते बायकोसह गावी आलेले. अनंतरावांना बँक गाठायची होती, पण कान पुढंच लागले.

“शर्ट काऊन धुतला तू? संगाई हरणी माह्या घामाच्या वासाबिगर चारा खात नाही, म्हणून तर तो माह्या जागी राखणीले ठेवलेल्या नरसिंगाले घालाले ठेवला होता.”

“परक्याले मळका शर्ट कसा द्याचा?”

“मणिपुरात तिची जात संपत आली, मालन. आमच्या पिंजऱ्यात पाडसं होऊन राह्यली म्हणून टिकली. आता तिनं चारा सोडला त पाडसाले दूध कुठून येईन?”

“लागला पाहा फोन.”

“हॅलो, नरसिंग? खाल्ला चारा? पाडस दूध पेते? बरं बाबा, बरं.”

उद्धवरावांनी फोन ठेवला.

“काय म्हणते?”

“दोन दिवस तिनं तोंड लावलं नाही. मंग त्यानं माही जुनी चप्पल सोताच्या गळ्यात बांधली. आता हरणी त्याच्याच हातानं खाते.”

“चप्पल गळ्यात घालून हिंडते तो?”

“चार दिवसांपासून.”

“चप्पलबी घासूनच ठेवणार होती मी. गाडी सुटन म्हणून तुमीच ओढत आणलं.”