टीव्हीला वाहिलेला नारळ

ऐका मंडळी! बापाची थट्टा करणाऱ्या लेकराला पाप लागतं का? — थांबा, माना हलवू नका, आधी गोष्ट ऐका!

विट्यात दिगंबरराव पोतनीस नावाचे पोस्टमास्तर होते. त्यांची मुलगी चारुशीला मुंबईत टीव्हीच्या मालिका लिहिते. तिनं लिहिलं काय? स्वतःचं लहानपण! आळीतला पहिला टीव्ही त्यांच्याच घरी आला, तो काळ. आणि मालिका कसली — विनोदी! बाप सदा बनियनवर, आई वैतागलेली, देवाधर्माचीही खैर नाही. सगळा गाव हसतोय, आणि चारू तिकडं धसकलेली. बाबा आता दारात उभं करतील का? दोन महिने तिनं घरी फोन केला नाही.

रावांनीही केला नाही. पण दर रविवारी समोर बसून बघायचे हो!

मग एका रविवारी तो भाग आला. काय झालं होतं — टीव्हीवर देव येणार म्हणून रावांनी एकदा टीव्हीला हार घातला, कुंकू लावलं, समोर नारळ फोडला. नारळ फोडल्यावर आपण काय करतो? पाणी शिंपडतो! ते गेलं मागच्या जाळीतून आत. फट्! देव अंतर्धान! हसताय? तुमच्या घरच्या टीव्हीला कुंकू नव्हतं का? आळी खवळली, तेव्हा राव म्हणाले, चारूनं बटणं पिळली. आणि नऊ वर्षांच्या त्या पोरीला सगळ्यांसमोर थोबाडीत दिली.

मालिकेत हार होता, नारळ होता, धूरसुद्धा होता. घरातले पोट धरून हसले. राव उठले आणि त्यांनी फोन लावला.

"चारू, सगळं खरं लिहिलंस. पण मी तुला मारलं, ते का नाही घातलंस?"

ती म्हणाली, "बाबा, त्याचं मला हसू करता आलं नाही."

म्हातारा रडला हो. म्हणाला, "चुकलो गं मी. घरी ये." ती शनिवारी आली, पुरणपोळी खाऊन गेली.

आता सांगा, कुठलं पाप? तिनं जगाला बापाचं बनियन दाखवलं, बापाचा हात झाकला! तुमचीही पोरं तुमच्या नकला करतात ना? करू द्या. पण त्यांनी काय झाकलंय, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे — ओ काका, खाली काय बघताय? आज घरी गेल्यावर, पान वाढायच्या आधी, ते आपल्या तोंडानं बोला. मग खुशाल विठ्ठल म्हणा. तो ऐकेल.