जाड तेल

...आणि वर गॅरेजवाले ताराचंदकाका मलाच विचारतात, "दीक्षा, सकाळी गाडी चालू केल्याबरोबर रेस कोण देते वं?" कोण देतं म्हणजे? घरात आई आणि मी. आईला गाडी येत नाही. म्हणजे मीच ना? पण तुम्हाला सांगते, काळजीनंच केलं मी.

गाडी बाबांची. बाबा गेले त्याला दोन हिवाळे झाले, मागे ही जुनी पांढरी कार राहिली. नागपुरात बेसाहून मिहानला कंपनीत सातच्या शिफ्टला मी तीच नेते. नेते म्हणजे काय, जीव मुठीत धरून नेते. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. पण आईला तो आवाज हवा असतो. गाडी सुरू झाली की तिचं लाटणं थांबतं. "मले वाटते, तेच निघाले ड्युटीले," म्हणते आणि पुन्हा लाटायला लागते. आता असा आवाज घरात असल्यावर माणूस त्याला जपेल की नाही?

तर मी जपायला निघाले. ताराचंदकाकांच्या गॅरेजात जायची हिंमत नव्हती, बाबांची वीस वर्षांची बैठक तिथली, गेलं की सगळे "किती दिवस आजारी होते, काय झालं" विचारणार आणि मी ग्रीसच्या डब्याशेजारी उभी राहून रडणार... म्हणून इंजिनचं तेल परस्पर दुकानातून बदलून घेतलं. म्हटलं, सगळ्यात जाड कोणतं? दुकानदार म्हणाला, "वीस-पन्नास नंबरचं आहे, पण मॅडम, ते आपल्या उन्हाळ्याले बरं, आता थंडीत..." पुढचं मी ऐकलंच नाही. जाड म्हणजे मजबूत. आजारी माणसाला आपण पातळ पांघरूण देतो का? काळजीनंच केलं ना?

मग पारा आला आठवर. सकाळी किल्ली फिरवली की आतून टक-टक-टक... मला वाटलं, बंद पडतेय. म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. टकटक वाढली, मी आणखी दाबला. रोज. दोन हिवाळे. शेजारचे वामनराव गच्चीवरून विचारायचे, "काहून वं पोरी, विमान उडवून राहिली का?"

मागून निळा धूर निघायला लागला तेव्हा गेलेच शेवटी. काकांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. चहा सांगितला म्हणजे बातमी वाईटच.

"थंडीत तुह्या डोक्याचं खोबरेल बाटलीतून पडते का?"

"नाही. उन्हात ठेवते."

"मंग? हे तेल रातभर खाली बसते. थंडीत जाड तेलाले वर चढाले टाइम लागते. ते पोचाच्या आधीच तू रेस देऊन राहिली, अन् आत लोखंडावर लोखंड घासून राहिलं. तुहे बाबा, रुपरावभाऊ, दिवाळीले पातळ टाकत, होळीले जाड. अन् चालू केल्यावर अर्धा मिनिट चूप बसून राहत."

अर्धा मिनिट. तुम्हाला सांगते, त्या अर्ध्या मिनिटात मी खिडकीतून हात हलवायचे. शाळेत होते तेव्हापासून. मला वाटायचं, ते माझ्यासाठी थांबतात.

म्हटलं, काका, आता पातळ टाका. तर म्हणतात, "आता नोको. झिजून फट पडली आत. आता तिले जाडच पाहिजे." म्हणजे बघा, दोन वर्षं चुकीचं घातलं आणि घालून घालून तेच बरोबर करून ठेवलं. काळजीनंच केलं ना? "नाहीतर इंजिन नवं करून देतो," म्हणाले, "आवाज एकदम शोरूमसारखा." तो शोरूमचा आवाज घेऊन मी आईला काय सांगू?

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली आणि अर्धा मिनिट गप्प बसले. टकटक होतीच. आई पिठाच्या हातांनी दारात आली. मी काच खाली करून एका दमात सगळं सांगून टाकलं... तेल, रेस, फट, बाबांचा आवाज मीच बिघडवला ते.

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मला नाही, गाडीला.

"राहू दे वं," म्हणाली. "तेही शेवटी शेवटी खोकलतच निघत."