लिफ्टचा पहिला नंबर

योगिनी : काका, लिफ्टमधला हा फोन खरंच बंद आहे, की तुम्ही दाबूनच बघितला नाहीत?

सावळीराम : बघितला. मेलाय तो. लाईट येईल आता, भर दुपारी जास्त वेळ जात नाय.

योगिनी : वीस मिनिटं झाली. पाचव्या-सहाव्याच्या मध्ये लटकलोय आणि दोन्ही मजले रिकामे. ओरडून घसा बसला माझा.

सावळीराम : तुझा फाइव्ह जी काय म्हणतो?

योगिनी : एक कांडी नाही. तुमचा?

सावळीराम : या पत्र्याच्या डब्यात कोणताच जी येत नाय. लिफ्टच्या फोनची अँटेना गच्चीवर हाय, म्हणून तो तेवढा...

योगिनी : तो तेवढा काय?

सावळीराम : काय नाय.

योगिनी : चालतो ना? त्याचा हिरवा दिवा लागलाय. बॅटरीवर आहे. सेक्रेटरी म्हणून तुमच्या हट्टापायी हे टूजीचं मशीन ठेवलं सोसायटीनं. फोर जीचं घेतलं असतं तर एका दमात दहा मोबाईलवर अलार्म गेला असता. टूजी बंद होत चाललंय, मीटिंगमध्ये कानीकपाळी ओरडत होते मी.

सावळीराम : माणसाला हाक मारायचीय, पिक्चर नाय बघायचा. हाकेला टूजी पुरतं. तीस वर्षं टेलिफोन खात्यात खांब चढलोय, मला नको शिकवू.

योगिनी : बरं, नाही शिकवत. दाबते.

सावळीराम : नको. योगिनी, हात काढ तिथनं.

योगिनी : का पण?

सावळीराम : पहिला नंबर माझ्या घरचा हाय. टेबलावरच्या फोनचा. मैना उचलंल.

योगिनी : मग बरंच झालं की. काकूंना सांगू, वॉचमनला पाठवा.

सावळीराम : काकूंना शेवटचं कधी पाहिलंस तू?

योगिनी : दिवाळीच्या आधी. त्यांचे गुडघे दुखतात म्हणालात ना.

सावळीराम : गुडघे ठणठणीत हायेत. डोक्यातलं ऱ्हायलं नाय काही. दीड वर्ष झालं. मला कधी भाऊ म्हणते, कधी वायरमन. खाली उतरताना बाहेरून कुलूप लावतो मी. आताबी लावलंय. लाज वाटायची, म्हणून बोललो नाय कुणाला.

योगिनी : अहो काका.

सावळीराम : एक्स्चेंजला ऑपरेटर होती ती. बाकी सगळं गेलं, पण फोन वाजला की पदर सावरून ताठ बसते. लिफ्टचा टेस्टिंगचा कॉल आला की वहीत वेळ लिहिते. तुझ्या फोर जीच्या मशीनचं सगळं ॲपवर. टेबलावरचा फोन वाजायचाच नाय. तिचं तेवढं एक काम मला घालवायचं नव्हतं, म्हणून भांडलो. नायतर टूजी असो नाय तर फोर जी, मला काय करायचंय.

योगिनी : मला सांगायचं होतंत. मी गप्प बसले असते. दुसरा नंबर कुणाचा आहे?

सावळीराम : गेटवरच्या नवनाथचा. पण पहिल्या नंबरावर सहा रिंगांत कुणी उचलला नाय, तरच तिकडं जातो. अन् ती पहिल्या रिंगला उचलते. ती उचलतेय तोवर नवनाथकडं फोन जायचा नाय. सेटिंग मीच केलंय.

योगिनी : काकूंना बाल्कनीतून नवनाथला हाक मारायला सांगितलं तर?

सावळीराम : बाल्कनीचं नाव काढू नको. मागल्या आठवड्यात स्टुलावर चढून वाकली होती. मी पोचलो म्हणून वाचली. आता उशीर झाला की दार ठोकत बसंल, नायतर तिकडंच जाईल. भीती वाटते गं मला. लय भीती वाटते.

योगिनी : मग एकच मार्ग राहतो. पुढचा फोन उचलू नका, असं त्यांना सांगायचं.

सावळीराम : तिला? मी सांगू?

योगिनी : माझं कशाला ऐकतील त्या. दाबू?

(योगिनी बटण दाबते. एकच रिंग होते.)

मैना : नमस्कार, नाशिक एक्स्चेंज. कुठला कॉल हवाय आपल्याला?

सावळीराम : मैना, मी बोलतोय.

मैना : आपलं नाव सांगावं.

सावळीराम : सावळीराम.

मैना : कुठून बोलताय?

सावळीराम : लिफ्टमधून.

मैना : लिफ्ट. तालुका कोणता?

सावळीराम : इगतपुरी लिही.

मैना : कॉल अर्जंट की साधा?

योगिनी : अर्जंट आहे, काकू.

मैना : कृपया एका वेळी एकानंच बोलावं.

सावळीराम : मैना, नीट ऐक. हा फोन ठेवला की लगेच दुसरा वाजंल. तो उचलू नको.

मैना : वाजलेला फोन उचलायचा नाही? असा नियम नाही आमच्याकडे.

सावळीराम : साहेबांचा निरोप हाय.

मैना : माझ्याकडून काही चुकलं का?

सावळीराम : नाय गं. कधीच नाय चुकलं तुझं. तुझी ड्यूटी संपली, एवढंच.

मैना : असं होय. मग मी घरी जाते. पण इथलं दार कुणीतरी बाहेरून बंद केलंय.

सावळीराम : मीच केलंय. येतो उघडाया. तोवर खुर्चीवरनं हलू नको.

मैना : लवकर या. मला उशीर झाला की आमचे हे जेवत नाहीत.

सावळीराम : येतो. ठेव आता.

योगिनी : कट झाला. पुन्हा दाबू?

सावळीराम : दाब.

योगिनी : एक. दोन. उचलत नाहीयेत, काका. तीन. चार.

सावळीराम : मोठ्यानं मोजू नको.

योगिनी : लागला. नवनाथच आहे. बोला, तुम्ही बोला.

सावळीराम : तूच बोल. म्हणावं लवकर कर, मला तिला घरी न्यायचंय.