अकरावं नाव

हॅलो?… कोण, मोझेल? अगं, एंगेज लागणारच! आमची योगिनी बसली होती कॉम्प्युटरवर. एकच लाइन ना, नेट लावलं की फोन बंद… हो, हो, बोल.

कुठला मेल?… हां, तो! मिळाला? पहिल्यांदाच पाठवला गं मी, एकटीने, पोरीची मदत न घेता… वाचला म्हणजे? वाचला कुठे! खाली लाल अक्षरात होतं ना, अकरा जणांना पाठवा, साखळी तोडलीत तर मुलाबाळांवर संकट. समर्थची कावीळ आत्ता कुठे उतरतेय, कशाला विषाची परीक्षा? पूर्वी नाही का देवाच्या नावाची पोस्टकार्डं यायची, तसंच हे.

थांब… रडतेयस का तू?… मग आवाज असा का येतोय?

वाच, ऐकतेय… "ज्यू लोकांपासून सावध"… बरं… "जगातल्या बँका त्यांच्या मुठीत"… हं… "तुमच्या शेजारीसुद्धा असतील"… अगं बाई.

अगं ऐक ना, ते तुमच्याबद्दल नाहीये! ते तिकडचे, परदेशातले. तुम्ही आपलेच… हो, ज्यू आहेस, माहितीये मला. पण तू काय तशी ज्यू आहेस का? मोझेल झिराडकर! माझ्यापेक्षा पातळ भाकरी थापतेस… हो, बँकेत होतीस की. जन्मभर कॅशला. डोक्यावरचा पंखा दुरुस्त करून मिळाला नाही तुला, आणि म्हणे जगातल्या बँका मुठीत!… हसत नाहीये गं… बरं, हसले. चुकलं.

तुला का पाठवला? अगं, दहाच पत्ते होते माझ्याकडे. अकरावं कोण? म्हटलं, मोझेल आहे ना, हक्काची…

उत्तरं? आली ना. लताबाईंचं आलं, "छान माहिती". माझ्यासारखंच, न वाचता. आपल्या कॉलनीच्या चेअरमनचं आलंय, रावजीभाऊंचं, हे लांबलचक. लासलगावला कांदा गडगडला ना, त्यातही म्हणे ज्यूंचाच हात… हो ना, आता काय बोलायचं!

आणखी काही नाही… अगं, नाही म्हटलं ना… बरं, सांगते. त्यांनी विचारलंय, आपल्या कॉलनीत यांच्यापैकी कोणी राहतं का… कसं माहीत असेल त्यांना? तुम्ही कोकणातले एवढंच ठाऊक. गेल्या वेळी तुझ्याकडचा मलिदा डबा भरून नेला, पोहे, खोबरं, खजूर, चाटूनपुसून खाल्ला…

मी काय लिहिलं?… नाही म्हणून लिहिलं. कोणी राहत नाही…

तुझ्यासाठीच गं! उगाच तुला त्रास… मोझेल?… आहेस ना?

कुठे राहतेस म्हणजे? शेजारी राहतेस माझ्या! भिंतीला भिंत… हो, लिहिलं मी तसं, पण…

स्क्रूड्रायव्हर? कोण, सॅमभावजी? दारावरची ती देवाच्या वचनाची डबी, मेझुझा, ती काढतायत?… कोणी राहत नाही तर डबी कशाला, असं म्हणतायत?… नाही हं, अजिबात नाही! समर्थ प्रत्येक पेपरला तिला हात लावून गेलाय. कावीळ चढली तेव्हा तू तुमच्या एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललीस आणि मी बाहेर त्या चौकटीला डोकं टेकून उभी होते. थांबा म्हणावं त्यांना. हात जोडते मी.

लिहिते. सगळ्यांना लिहिते. काय लिहू, मोझेल स्वभावाने फार चांगली आहे?… नको?… बरं, चांगली-वाईट राहू दे. "तो मेल खोटा आहे. मी न वाचता पाठवला." बरं… "आमच्या शेजारी ज्यू राहतात." हो… झिराडकर घालू ना नाव?… घालते. खाली माझं, सुवर्णा…

पण मोझेल, रावजीभाऊ समर्थसाठी सातपूरच्या कंपनीत शब्द टाकणार होते गं. आता चिडले तर?… हो… हो, कळतंय. संकट येईल म्हणून घाबरले आणि संकट मीच वाटत सुटले, अकरा घरी.

संध्याकाळी लिहू का? यांना विचारून?… आत्ताच… बरं, आत्ता. पण रविवारी नवसाच्या मलिद्याला नारळ किती आणू ते तरी… पंचवटीतून खजूरसुद्धा…

काय?… हो गं. मीच म्हटलं मघाशी. फोन ठेवल्याशिवाय नेट लागत नाही.

भावजी थांबलेत ना?… एक स्क्रू निघाला?… दुसऱ्याला हात लावू नका म्हणावं. मी ठेवते.