भिंतीतली तिसरी वाट

अनुसयाबाई : ...आन् हे एवढे सारे कागद छापूनही झाले?

प्रफुल : पाचशे, आजी. उद्या सकाळच्या बसनं आर्वीला जातील. पुंडलिकरावांचं कापडाचं दुकान आहे ना, ते दिवाळीला गिऱ्हाइकांना हे कॅलेंडर वाटणार. खाली बघा, तुमचं नाव. ‘भिंत : अनुसयाबाई उईके.’ दुकानाच्या नावापेक्षा थोडंसंच लहान.

अनुसयाबाई : मले अक्षर वाचता नाई येत, बापू. भित वाचता येते. हे माही भित नोहे.

रुख्मिणी : असं काऊन म्हणून राह्यली, मोठमाय? प्रफुल तुह्या अंगणात उभा राहून फोटो काढून आला. मोर तुहे, चौकटीची रेघ तुही.

अनुसयाबाई : मोर माहेच हायेत. चौकटीवर बोट फिरव. माह्यासंगं फिरव. हे कोनाची?

रुख्मिणी : सुलोचनेची वाट.

अनुसयाबाई : हे?

रुख्मिणी : अंजूची.

अनुसयाबाई : आन् फुडं?

रुख्मिणी : पुढं... पुढं नुसती रेघ आहे.

प्रफुल : थांबा, थांबा. वाट कसली?

रुख्मिणी : आमच्या घरी भिंत लिहिताना चौकटीची रेघ पुरी नाई करत. घरातून गेलेल्या एकेका लेकीसाठी अंगठ्याएवढी जागा कोरी सोडतात. तिले वापस येता आलं पाह्यजे म्हणून. त्या दोन जागा तशाच ठेवजो, म्हटलं होतं ना तुले?

प्रफुल : म्हटलं होतंत. मला वाटलं, नक्षीच तशी आहे.

अनुसयाबाई : भितीवर तीन हायेत. तिसरी कोनं बुजवली?

प्रफुल : मी, आजी. कॉम्प्युटरवर.

रुख्मिणी : त्याले नको बोलू. त्यानं तिन्ही ठेवल्या होत्या. म्याच सांगितलं, मोठमायच्या लेकी दोन, तर वाटा दोन. या तिसऱ्या जागी पावसानं पोपडा उडाला असंन, भरून टाक.

अनुसयाबाई : पोपडा! ऐक रे बापू. गावोगावच्या बायांच्या भिती पाहून शहाणी झाली, आन् सोताची वाट पोपडा म्हणून लिंपून टाकली!

रुख्मिणी : माही?

अनुसयाबाई : मंग कोनाची? तुही माय, माही धाकटी जाऊ, गेल्यावर माह्या चुलीपाशी वाढलेली तिसरी पोरगी कोन व्हय?

रुख्मिणी : पण मी लगन होऊन नव्हती गेली, मोठमाय. चित्र शिकाले वर्ध्याले आली, तेही भांडून. बाबा दारात उभे राहून बोलले होते, आता या घरी पाय ठेवजो नको. बारा वर्षं झाली. नाई ठेवला.

अनुसयाबाई : बोलला तो. दार त्याचं हाये. भित माही हाये.

(बाहेर वर्ध्याच्या नालवाडी रस्त्यानं एक सायकल घंटी वाजवत जाते.)

अनुसयाबाई : आन् तोही आता त्याच दारात खाट टाकून बसते. रोज, फाटकाकडं तोंड करून. मी काई इचारत नाई.

प्रफुल : ताई... पुंडलिकरावांना काय कळवू?

रुख्मिणी : थांबा म्हणाव. लोक विचारतात ना, तुम्ही सहा गोंड बायांनी मिळून हे गेरूघर, हे जाहिरातीचं काम, कशावर उभं केलं? यावरच. ज्या बाईचं चित्र, तिनं हो म्हटल्याबिगर कागद दाराबाहेर जाणार नाई. खर्ऱ्याच्या तंबाखू-पुडीवाल्यालेही आपण वापस पाठवलं.

प्रफुल : पुडीवाल्याला पाठवणं सोपं होतं, तो आवडतच नव्हता. हे भले गृहस्थ आहेत. आणि पुन्हा छापायला कागद शिल्लक नाही.

अनुसयाबाई : फेका म्हटलं का मी? मी म्हटलं, माही नोहे. माही व्हऊ शकते. कागद कोन्या रंगाचा हाये?

प्रफुल : गेरूचा. तुमच्या भिंतीसारखा.

अनुसयाबाई : आन् रेघ पांढरी. मंग गेरू भिजव. अंगठा बुडवाचा, रेघेवर टेकवाचा. वाट मोकळी.

प्रफुल : सुकला की झडून जाईल, आजी.

अनुसयाबाई : बाभळीचा डिंक घाल. तुह्या कॉम्प्युटरले डिंक माहीत नसंन.

प्रफुल : पाचशे वेळा?

अनुसयाबाई : तीन मानसं आहो. अंगठे सहा.

प्रफुल : हॅलो, पुंडलिकराव? वर्ध्याहून प्रफुल, गेरूघरातून. कॅलेंडर उद्या नाही, परवा पाठवतो... नाही, छपाई उत्तम आहे. रेघेत एक वाट उघडायची राहिली... सांगतो ना. लेक घरातून गेली की तिच्यासाठी रेघेत जागा सोडतात, ती आमच्याकडून बुजली... हो... हो, विचारतो. आजी, परवा चालेल म्हणतात. पण ही वाटेची गोष्ट खाली छापा, गिऱ्हाइकाले सांगाले बरी पडते, म्हणतात.

अनुसयाबाई : छापाची नाई. दुकानात जो येईन त्याले तोंडानं सांगजो म्हणा.

प्रफुल : आणि त्यांची मुलगी अमरावतीला दिली आहे. त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर तिची एक वाट काढून मिळेल का?

अनुसयाबाई : ते त्याईनं आपल्या अंगठ्यानं काढावं. गेरू पुडीत बांधून देजो.

रुख्मिणी : झाला भिजून. घे मोठमाय, पहिला तू ठेव.

अनुसयाबाई : मी बारा वर्सं ठेवून राह्यली. आता तू ठेव. दाबू नको, नुसता टेकव. तसा. उचल आता.

रुख्मिणी : उघडली.

अनुसयाबाई : आता हे माही भित व्हय. जाऊ दे दाराबाहेर.

रुख्मिणी : प्रफुल, शनिवारी आर्वीची पहिली बस किती वाजता सुटते?

प्रफुल : सव्वासहाला. पण ताई, ती आर्वीपर्यंतच. पुढं तुमच्या गावाला काही मिळत नाही, मी चालत गेलो होतो, दोनदा चुकलो. सोबत येऊ का?

अनुसयाबाई : तू डिंक घोट. तिले रस्ता मालूम हाये.