साबुदाण्याचा पापुद्रा

मंडळी, आधी जरा पुढे सरकून बसा. पुढची सतरंजी रिकामी ठेवायची आणि मागे दाराशी दाटी करायची, ही आपल्या पार्ल्याची जुनी खोड. लिमयेअण्णा असते तर त्यांनी एकेकाला नावाने हाक मारून पुढे बसवलं असतं. आज ते नाहीत, म्हणून मला सांगावं लागतंय. आणि खरं सांगते, मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण बोलणार आहे. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी कुसुम दामले. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत राहते. माझ्याआधी कारखान्यातले साहेब बोलले, वाचनालयाचे अध्यक्ष बोलले. अण्णांच्या पदव्या सांगून झाल्या, त्यांचा हुद्दा सांगून झाला. मी त्यातलं काही सांगणार नाही. मी जिवंत कशी राहिले, एवढंच सांगणार आहे.

अण्णा बिस्किटांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ. बिस्किट मऊ का पडतं, हा त्यांचा जन्मभराचा प्रश्न. सुमतीवहिनी, तुम्हीच म्हणायचात ना, "लोकांच्या नवऱ्यांना बढतीची काळजी, आमच्याकडे बिस्किटाची"? पण त्या कारखान्यात परदेशची शास्त्रीय मासिकं यायची. बोटीनं यायची, त्यामुळे महिना-दोन महिने शिळी. अण्णा ती वाचायचे आणि शनिवारी दुपारी वाचनालयाच्या याच खोलीत बसून आपल्याला मराठीत सांगायचे. नवं औषध कोणतं निघालं, अन्नात काय नवं सापडलं, कसल्या नव्या वस्तू तयार झाल्या.

आठवतंय ना? मातीतल्या जंतूंपासून क्षयावरचं औषध काढलंय म्हणाले, तेव्हा आपण हसलो होतो. तांदूळ पाचपाच पाण्यांनी धुऊ नका, पेज ओतून देऊ नका, त्यातच सत्त्व जातं, हे त्यांनी सांगितलं आणि आपल्या गल्लीत पेज पुन्हा ताटात आली. मग एकदा प्लास्टिक आणलं. पारदर्शक, पाण्याने न भिजणारं. ते हातोहात फिरलं. परबकाकूंनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अण्णानू, ह्येका इटाळ लागता काय वो?" सगळी खोली हसली. अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "काकू, पाणी लागत नाही, एवढं मी तपासलंय. विटाळाचं अजून तपासलेलं नाही." काकू, तुम्ही आज इथे आहात. तुम्हाला त्या उत्तराचा राग आला होता का? नाही ना? कारण त्यांनी तुमच्या प्रश्नाची टर उडवली नव्हती.

आता माझं सांगते.

पन्नास-एक्कावन्नची गोष्ट. मला क्षय झाला. आज हा शब्द मी चारचौघांत बोलतेय. तेव्हा घरात कुजबुजत बोलायचो. माझी मुलगी दोन वर्षांची होती. तिला मालाडला माझ्या आईकडे ठेवलं. मला पुढच्या खोलीत वेगळं ठेवलं. वेगळी ताटवाटी, वेगळं अंथरूण. गल्लीतली माणसं आमच्या घरावरून जाताना समोरच्या कडेने जायची. मी कोणाला दोष देत नाही. माझ्याकडे आजारी शेजारीण असती आणि घरात लहान मूल असतं, तर मीही समोरच्या कडेनेच गेले असते.

अण्णा आमच्या कडेने यायचे. शनिवारी इथलं बोलणं संपलं की आमच्या अंगणात स्टूल टाकून खिडकीबाहेर बसायचे आणि इथे जे सांगितलं ते सगळं मला पुन्हा सांगायचे. पहिल्यापासून. एका माणसासाठी. मी विचारलं, "अण्णा, कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "दुसऱ्यांदा सांगताना मला स्वतःला जास्त समजतं. तुमचे उपकारच आहेत."

डॉक्टरांनी मला दोन औषधं दिली होती. एक सुई, आणि एक पोटात घ्यायची पूड. ती पूड इतकी वाईट, की नुसती घेतली तर उलटी व्हायची. म्हणून ती तांदळाच्या पिठाच्या पातळ पापुद्र्यात बंद करून मिळायची. पाण्यात बुडवून अख्खी गिळायची. दिवसातून कितीतरी वेळा. आणि महिन्या-दोन महिन्यांत मला बरं वाटायला लागलं, हो! ताप उतरला. खोकला कमी झाला. वजनही वाढलं.

मग मी काय केलं असेल? देवाचे आभार मानले. कसे मानले? उपास वाढवले! एकादशी, संकष्टी होत्याच. त्यात सोमवार धरले, मग गुरुवार धरले. आणि उपासाला तांदळाचा पापुद्रा कसा चालेल? त्या दिवशी पूड बंद. सुई चालायची, ती काही पोटात जात नाही! एवढी मी शहाणी. आमच्या ह्यांना पत्ता नाही, डॉक्टरांना पत्ता नाही. राहिलेले पुडीचे पापुद्रे डब्यात टाकत गेले. मनात म्हणायचे, देवासाठी एक दिवस औषध राहिलं तर देव बघून घेईल.

एका शनिवारी अण्णा खिडकीशी बसून सांगत होते. नवं संशोधन आलंय म्हणाले. क्षयाला एकच औषध दिलं तर काही जंतू वाचतात, आणि वाचलेले त्या औषधाला सरावतात. मग ते औषध त्यांना लागूच पडत नाही. म्हणून दोन औषधं बरोबर द्यायची. एकातून सुटला तर दुसऱ्यात सापडतो.

माझी नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे गेली. मी विचारलं, "अण्णा, आणि दोनातलं एक मधूनमधून चुकलं तर?"

त्यांनी स्टूल खिडकीजवळ ओढलं. मग हळूच म्हणाले, "किती चुकलंय, कुसुमताई?"

मी डबा आणून खिडकीत ठेवला. त्यांनी तो उघडला नाही. मीच सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणार. शिकली-सवरलेली बाई, मुलगी मालाडला आईवाचून रडतेय, आणि ही उपासापायी औषध टाकतेय. आमच्या ह्यांनी नंतर बोलायचं ते बोलून घेतलं, डॉक्टरांनी तर फार बोलून घेतलं. त्यांचं चुकलं नाही. पण अण्णा काय म्हणाले ते ऐका. म्हणाले, "उपास तुमचा. औषध डॉक्टरांचं. मधला पापुद्रा तेवढा माझ्या खात्यातला दिसतोय. तो मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या स्वयंपाकघराची वाट लागली. साबुदाणा शिजवायचा, त्याची खळ करायची, तव्यावर पसरायची, वाळवायची. पहिले पापुद्रे तडकले. पुढचे टाळ्याला चिकटले. त्याच्या पुढचे वाळताना वळून पन्हाळीसारखे झाले. तोपर्यंत उपासाच्या दिवशी मी पूड नुसती पाण्यातून घ्यायची आणि ओकायची. डॉक्टर म्हणत होते, सोडा उपास. मी हट्टाने सोडत नव्हते. आणि चिडायची कोणावर? अण्णांवर! एका शनिवारी मी त्यांना खिडकीतून म्हणाले, "जगातले एवढे शोध सांगता, आणि तुम्हाला एक पापुद्रा करता येत नाही?" मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "होईल. अजून चुकतंय कुठेतरी."

शेवटी झाला. साबुदाण्यात उपासाला चालणारं तवकिलीचं थोडं पीठ घातलं, दोन तापल्या तव्यांमध्ये दाबला, आणि लवचिक पापुद्रा निघाला. आधी डॉक्टरांना नेऊन दाखवला, त्यांचा होकार घेतला, मग मला दिला. तर आपल्या दमट हवेत तो दोन दिवसांत मऊ! म्हणजे पुन्हा त्यांचा तोच जन्मभराचा प्रश्न. मग ते प्लास्टिक कामाला आलं. त्याच्या पिशव्या करायला कडा इस्त्रीने चिकटवायच्या होत्या. पहिली पिशवी इस्त्रीलाच चिकटली, इस्त्री त्यांच्या धोतराला चिकटली, आणि वहिनी हसून हसून ओट्याला टेकल्या. नंतर कागद मध्ये ठेवून जमलं. दर उपासाच्या आदल्या दिवशी माझ्या खिडकीत एक बंद पिशवी यायची. एकदाही चुकली नाही.

ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता थुंकीत जंतू नाहीत, त्याच्या पुढच्या महिन्यात माझी मुलगी मालाडहून घरी आली. ती आज तिथे तिसऱ्या ओळीत बसली आहे. तिला हे सगळं आत्ताच कळतंय.

हे मला माहीत होतं, मंडळी. एवढंच असतं, तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण परवा वहिनींना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी एक सांगितलं. वहिनी, तुमची परवानगी आहे ना? सांगते.

पापुद्रे जमत नव्हते, त्या दिवसांत वहिनी कंटाळून म्हणाल्या होत्या, "अहो, तांदळाचेच द्या ना पिशवीत भरून. सांगा साबुदाण्याचे म्हणून. ती काय तपासणार आहे? बिचारी ओकून ओकून मरेल." आणि वहिनी काय चुकीचं बोलल्या? माझ्या जीवासाठीच बोलल्या. मी त्यांच्या जागी असते तर अण्णांना न विचारताच केलं असतं!

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, "ती ते माझ्या शब्दावर गिळणार. उद्या कळलं, तर माझा शब्द जाईल, त्याचं काही नाही. पण त्याच्याबरोबर औषधावरचा विश्वासही जाईल. मग खरं औषध दिलं तरी ती घेणार नाही. एवढं नव्यानं सापडलंय ते सगळं फुकट जाईल, सुमती." आणि पुन्हा साबुदाणा भिजत घातला.

मी खिडकीत उभी राहून त्यांना टाकून बोलत होते, तेव्हा तो सोपा मार्ग त्यांच्या हाताशी होता. एका वाक्याचं काम होतं. माझं तोंडही बंद झालं असतं. त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही. माझं बोलणं ऐकून घेतलं.

मोठमोठे शोध परदेशात लागतात, मंडळी. ज्यांनी लावले त्यांना मी इथूनच हात जोडते. पण तो शोध आमच्या गल्लीपर्यंत, माझ्या जिभेपर्यंत आणून पोचवायला एक माणूस लागला. तो खोटं बोलला नाही. माझ्या देवालाही त्याने दुखावलं नाही आणि औषधालाही नाही. असा माणूस आपल्याला शेजारी म्हणून मिळाला. रडू येतंय, पण खरं सांगू? त्याहून जास्त मला आनंद आहे, की ते होते.

अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले त्याची माफी मी तुमच्यापाशी कधी मागितली नाही. बरी झाले आणि विसरून गेले. आज सगळ्यांसमोर मागते.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं कोणी बोलू नका. ज्यांना प्रार्थना करायची त्यांनी ती करावी. अण्णा आता कुठे आहेत, त्यांना ऐकू येतं की नाही, मला माहीत नाही. मी नुसती उभी राहून श्वास घेणार आहे. छातीभर, न खोकता. त्यांचे आभार मानायला याहून खरं माझ्याकडे काही नाही.