बिबड्यांच्या घाट्यातलं औषध

माझं माहेर साक्रीकडचं, सासर पारोळ्याचं, नाव कल्पना. शिवणकाम करते, म्हणजे आता जमेल तेवढं करते. काय सांगू तुम्हाला, आधी डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, मग सुई ओवता येईना. दृष्ट काढून झाली, कमरेला पट्टा लावून झाला, शेवटी धुळ्याच्या डॉक्टर मॅडमनी एमआरआय करायला लावला आणि सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. माझ्या जेठानीला, म्हणजे थोरल्या जावेला, तिला आम्ही अक्का म्हणतो, ते नाव काही येत नाही, ती म्हणते, मोठं दुखणं शे, नाव बी मोठं.

या दुखण्याला ऊन चालत नाही, पाय तिथेच गळतात, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात बायकांचं सगळं उन्हातच. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ते करायचे तर ज्वारी भिजवायची, आंबवायची, पहाटे तिचा घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या हाताने थापायचा. गल्लीतल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या बायका आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या. जी आपल्याकडे येते तिच्याकडे आपण जायचं, हे कोणी बोलत नाही आणि मोडतही नाही. मागच्या उन्हाळ्यात मी कोणाच्याच गच्चीवर चढले नाही. पायाची नव्हती तेवढी मला ही धास्ती, की आता आपल्याकडे कोण येणार?

म्हणून एका कॅप्सूलचा नाद लागला. गावात शिबिर झालं, बॅनरवर पाहुण्यांचे फोटो एवढे की आजाराला जागाच उरली नाही. शाली झाल्या, नारळ झाले, मग एक साहेब म्हणाले, यात पोटाला चांगले असे जिवंत जंतू आहेत, अंगातला गंज उतरतो, पळायला लागाल. मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मला आवडतं. म्हणाल्या, गंज अगदीच खोटा नाही, नसांना सूज आली की शरीरात तसं काही वाढतं, असे जंतू घेऊन थोड्या लोकांच्या रक्तात ते जरा कमी झालेलं दिसलंय, पण त्याने पाय सुधारेल असं मी सांगणार नाही, घ्यायचे तर घे, नेहमीचं औषध मात्र सोडायचं नाही. घेतले. पोट हलकं झालं. पायाचं पायालाच ठाऊक.

यंदा आमची ज्वारी आंबत होती, तर अक्काने डबीतल्या सगळ्या कॅप्सूल फोडून त्यात टाकल्या. मी म्हटलं अक्का, हे काय केलं, तर म्हणते, दूधमा इरजन टाकतस तसं, वाढी ना ते, बठ्ठ्यास्ले पुरी. म्हणजे विरजणासारखे जंतू वाढतील आणि सगळ्यांना पुरतील. आणि दुसऱ्या पहाटे तोच घाटा चुलीवर रटरट शिजवला. जिवंत म्हणून टाकले आणि उकळून मारले, वर लसूण-जिरं. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, बायकांना काही होणार नाही, जंतूंचंच वाईट वाटतं.

आणि बायका आल्या हो, सगळ्या आल्या. मी खाली दारातच बसून राहिले, तोंड कसं दाखवू म्हणून. शेजारची रुखमाकाकू म्हणाली, पाहुनीसारखी काय बसनी वं, सावलीमा लसूण सोल, घाट्याचं मीठ चाखीसन सांग, वर आम्ही पाहसूत. तिच्या घरच्या दिवशी तीच मला न्यायला आली, ओला पंचा मानेभोवती गुंडाळला, जिन्याखाली पाट मांडून ठेवलेला. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. दयेचं कोणी बोललं नाही, उलट मीठ कमी पडलं की वरून ओरडतात, जीभले बी आजार व्हयना का वं?

मॅडमचे उपकार आहेत, औषधाचे आहेत, नवी डबी आणली आहे, तीही घेते, अक्काच्या हाताला लागू देत नाही एवढंच. पाय कधी ऐकतो, कधी नाही. देवाने त्या बायकांच्या गच्चीवर कडक ऊन पाडावं, बिबडे खडखडीत वाळावेत, आणि मला त्यांच्या जिन्याखाली पाटापुरती सावली ठेवावी.